श्रावणात दारू सोडताना पहिले चार दिवस

गटारी अमावस्येची रात्र संपते आणि श्रावण लागतो. शहापूर-मुरबाडकडच्या गावागावांतील रोज घेणारी कितीतरी माणसे त्या दिवसापासून महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत. घरच्या बाईला तेवढाच विसावा मिळतो. श्रावण पाळणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. तरीसुद्धा श्रावणाचा पहिला आठवडा आला की मी जरा धास्तावलेला असतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दवाखान्याचे दार हमखास वाजते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाताची आवणी निम्मी झाली होती. मुसळधार पावसात टोकावड्याच्या बाजूने एक जीप आली. चौघांनी एका चाळिशीतल्या माणसाला धरून आत आणले. त्याचे हात उपरण्याने बांधलेले, कपाळाला अंगारा, अंग घामाने निथळत होते. तो सारखा अंगावरून काहीतरी झटकत होता. मुंग्या चढताहेत म्हणत होता. मध्येच आपल्या बैलाला हाक मारायचा आणि नांगर धरल्यासारखे हात पुढे करायचा. नाडी मिनिटाला 130, अंगात ताप. त्याची बायको म्हणाली, "डॉक्टर, हे दारूचं नाही हो. तीन दिवस झाले, थेंब घेतला नाही त्यांनी. हे बाहेरचं काहीतरी आहे." भगताकडे जाऊन आले होते, म्हणून एक दिवस वाया गेला होता.

बाई खरे तेच सांगत होती, पण तिचा निष्कर्ष उलटा होता. तीन दिवस थेंब घेतला नव्हता, म्हणूनच हे झाले होते.

या अवस्थेला वैद्यकात डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. आम्ही डॉक्टर मंडळी नुसते डी.टी. म्हणतो. थॉमस सटन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1813 साली हे नाव दिले. त्यानंतर शंभरावर वर्षे वैद्यांमध्ये वाद चालू होता की हे दारूच्या विषाने होते, उपासमारीने होते, की दारू तुटल्याने होते. 1955 साली अमेरिकेत हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना कित्येक आठवडे भरपूर दारू दिली, सोबत उत्तम आहार व जीवनसत्त्वेही दिली, आणि मग दारू एकदम बंद केली. तरीही थरकाप, आकड्या आणि भ्रम दिसलेच. असला प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून प्रश्न निकालात निघाला. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर तो तुटण्याचाच आजार होतो.

असे का होते? ट्रकचालक वाचकांना हे चटकन समजेल. दारू मेंदूवर ब्रेकसारखी काम करते. ब्रेक कायम दाबलेला असताना गाडी पुढे न्यायची तर अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू तेच करतो. दारूने आणलेली गुंगी भरून काढण्यासाठी तो स्वतःला सतत जास्त चेतवून ठेवतो. अशात एखाद्या रात्री ब्रेकवरचा पाय अचानक काढला की गाडी सुसाट सुटते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते, रक्तदाब चढतो. मेंदूला आपला अ‍ॅक्सिलरेटर सैल करायला काही दिवस लागतात. ते दिवस सुखरूप पार पाडणे एवढाच उपचाराचा हेतू असतो.

कोणत्या वेळी काय होते

शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 8 तासांत थरथर, मळमळ, घाम आणि चिडचिड सुरू होते. पुष्कळांना हे रोज सकाळी होतच असते. चहाची बशी हातात धरवत नाही, म्हणून आधी थोडी 'घेतली' जाते. पहिल्या दोन दिवसांत, विशेषतः पहिल्या चोवीस तासांच्या आसपास, आकडी येऊ शकते. ज्याला आयुष्यात कधी फिट आली नाही त्यालाही येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, घरचे निर्धास्त झालेले असताना, भ्रम सुरू होतो. रोग्याला भिंतीवर किडे-साप दिसतात, कोणीतरी मारायला आले आहे असे वाटते, दिवस-रात्र कळत नाही, घरची माणसे ओळखू येत नाहीत. बहुतेकांना नुसती थरथर होऊन चार-पाच दिवसांत बरे वाटते. डी.टी. थोड्यांनाच होतो. पण ज्यांना होतो त्यांच्या जिवावर बेतते. वेळेवर उपचार मिळाले तर दगावण्याचे प्रमाण शंभरात पाचापेक्षा कमी असते. उपचाराविना ते कितीतरी पटींनी वाढते.

हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरी मी एक चूक केली आहे. ती सांगतो. नवा दवाखाना टाकला त्या काळात एक वीटभट्टीवरचा मजूर माझ्याकडे यायचा. पोट दुखायचे, उलट्या व्हायच्या, औषध नेऊन पुन्हा प्यायचा. एक दिवस मी चिडून म्हणालो, "आजपासून दारू बंद. प्यायलास तर माझी पायरी चढू नकोस." गरीब माणूस, डॉक्टरचा शब्द त्याने खाली पडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी बसला असताना त्याला आकडी आली आणि उजवा हात निखाऱ्यात गेला. दोन बोटे कायमची गेली. तो माझ्यावर कधी रागावला नाही. पुढे बाजारात भेटला की डाव्या हाताने नमस्कार करायचा. सल्ला बरोबर होता, पण अर्धा दिला होता. 'सोड' म्हणालो, 'कशी सोडायची' ते सांगितले नाही.

धोका कोणाला?

रविवारी किंवा हळदीच्या रात्री घेणाऱ्याने श्रावण निर्धास्त पाळावा. त्याला यातले काही होणार नाही. धोका रोज पिणाऱ्याला असतो, आणि तो ओळखायला एकच प्रश्न पुरतो: सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला दारू लागते का? उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरला भेटल्याशिवाय एकदम तोडू नये. डॉक्टरने असे लिहावे हे विचित्र वाटेल, पण दोन दिवस आधी दवाखान्यात येऊन मग सोडलेली दारू आणि स्वतःच्या हिमतीवर एका रात्रीत तोडलेली दारू यांत जीव जाण्या-राहण्याचा फरक पडू शकतो. पूर्वी एकदा सोडताना आकडी आली असेल किंवा भ्रम झाला असेल, वय साठीच्या पुढे असेल, ताप, कावीळ किंवा डोक्याला मार असेल, तर घरी सोडण्याचा प्रयत्नच करू नये. दवाखान्यात दाखल व्हावे.

आपण किती पितो हे पिणाऱ्याला बहुधा माहीत नसते. देशी किंवा विदेशी, 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 42.8 टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. सर्वसाधारण माणसाचे यकृत तासाला 7-8 ग्रॅमच्या आसपास निस्तरते. म्हणजे एका क्वार्टरला आठेक तास लागतात. रात्री दोन रिचवणाऱ्याचे यकृत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कामावरच असते. बिअरला 'दारू' न मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. 650 मिलीच्या 8 टक्क्यांच्या कडक बिअरच्या बाटलीत 40 ग्रॅमच्या वर मद्यार्क भरतो. हातभट्टीला तर मापच नाही. मोहाची म्हणजे फुलांची, म्हणून निर्मळ, असेही ऐकू येते. फूल निर्मळच असते, पण भट्टीतून उतरते ते तेच रसायन. शिवाय विकत घेतलेल्या पिशवीत काय मिसळले आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक. 2004 साली विक्रोळीत आणि 2015 साली मालाडच्या मालवणीत मिळून दीडशेहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉल नावाच्या कारखान्यातल्या विषारी अल्कोहोलने. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुके आले, पोटात कळ आली, धाप लागली, तर उतरण्याची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे.

आणखी एक सावधगिरी. पिणाऱ्याला काहीही झाले की ते दारूवर ढकलायची सवय घरच्यांना असते, क्वचित डॉक्टरांनाही. पावसाळ्यात भातखाचरात राबणाऱ्याला ताप आणि कावीळ एकदम आली तर ती लेप्टोची असू शकते. बरळणाऱ्या माणसाला चार दिवसांपूर्वी मोटारसायकलवरून पडून डोक्यात रक्त साचलेले असू शकते. मलेरिया आहे, साखर उतरणे आहे. तपासायला नेले तरच हे कळते. खोलीत कोंडून किंवा खांबाला बांधून कळत नाही.

'डॉक्टर, सलाईन लावा'

आपल्याकडे सलाईनवर लोकांचा भारी विश्वास आहे. गळून गेलेला दारुडा आणला की पहिली मागणी तीच, आणि त्यातही 'ताकदीची', म्हणजे ग्लुकोजची बाटली. इथे एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पिणाऱ्या माणसाच्या शरीरात थायमिनचा, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाचा साठा जवळजवळ संपलेला असतो. एक तर तो जेवत नाही, जेवला तरी दारूमुळे ते आतड्यातून नीट शोषले जात नाही. त्यात आपले मुख्य अन्न भात. पूर्वी घरोघरी हातसडीचा तांदूळ असे, कोंड्याबरोबर ब-1 पोटात जाई. आता गिरणीतून पांढराशुभ्र करून आणतो आणि तो कोंडा कोंबड्यांना घालतो. ग्लुकोज पचवायला ब-1 लागतेच. साठा संपलेल्या माणसाला आधी ब-1 न देता ग्लुकोज चढवले तर उरलासुरला साठाही संपतो आणि मेंदूला इजा होते. बुबुळे थरथरतात, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो. 1881 साली कार्ल वेर्निके यांनी हा विकार वर्णिला. वेळीच थायमिनचे इंजेक्शन दिले तर तो पुष्कळसा आटोक्यात येतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. सकाळी काय खाल्ले ते सांगता येत नाही, मग माणूस मनाने काहीतरी रचून सांगतो आणि लोक म्हणतात खोटे बोलतो.

म्हणून आधी थायमिनचे इंजेक्शन, मग लागल्यास ग्लुकोज. इंजेक्शन स्वस्त आहे. पहिल्या दिवसांत दुकानातून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर विसंबू नये, कारण ते आतडे त्या शोषून घेत नाही. डॉक्टरला "रोज पितात, चार दिवस जेवले नाहीत" एवढे सांगितले तरी तो सावध होतो. यात आमच्या ज्ञानाचा अपमान वगैरे काही होत नाही. घाईत आम्हीही विसरतो.

दुसरे औषध म्हणजे मेंदूला हळूहळू शांत करणाऱ्या डायझेपाम गटाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने. सुरुवातीला पुरेशी मात्रा देऊन ती रोज थोडी उतरवायची आणि आठवडा-दहा दिवसांत बंद करायची. म्हणजे ब्रेकवरचा पाय एकदम न काढता हळूहळू उचलायचा. यकृत किती बिघडले आहे हे पाहून त्यातले कोणते औषध द्यायचे ते ठरते. या गोळ्या मेडिकलमधून मनाने आणून देऊ नयेत. दारूवर त्या पोटात गेल्या तर श्वास थांबू शकतो.

घरी आकडी आलीच तर माणसाला कुशीवर वळवावे, चूल, कंदील, कोयता जवळून हलवावेत आणि तोंडात काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. ती आपोआप थांबेपर्यंत कोणीतरी 108 ला फोन करावा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून गरज पडल्यास पुढे पाठवतात.

त्या आवणीच्या दिवसांतल्या रोग्याला मी थायमिन आणि डायझेपाम देऊन त्याच जीपने पुढे धाडले. पाचव्या दिवशी त्याने बायकोला ओळखले आणि पहिली चौकशी केली ती उरलेल्या आवणीची.

गुपचूप द्यायची पूड

एसटी स्टँडच्या भिंतींवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात. बायका पोटाला चिमटा काढून त्या पुड्या घेतात आणि भाजीत कालवतात. पुडीत काय आहे हे लिहिलेले नसते. कशात काहीच नसेल, कशात डायसल्फिराम असेल. हे खरे औषध आहे. डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन जंतावर औषध म्हणून त्याचा अभ्यास करत होते. त्यांनी स्वतः ते घेऊन पाहिले आणि नंतर मद्य घेतल्यावर त्यांना फार त्रास झाला. त्यावरून 1948 साली त्याचा हा उपयोग जगापुढे आला. गोळी पोटात असताना प्यायले की चेहरा लाल होतो, डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याने समजून-उमजून, रक्त तपासून ही गोळी घेतली आहे, त्याला ती मोह आवरायला मदत करते. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा बसकण मारून पितो आणि त्यात मरूही शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहतो. तेव्हा बायाबापड्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, न सांगता काहीही कालवू नका. पिण्याची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधेही मिळतात. कोणते कोणाला चालेल हे यकृत आणि मूत्रपिंड तपासून ठरवायचे असते.

सोडल्यावर काय भरून येते

पुष्कळजण विचारतात, "आता सोडून काय उपयोग? व्हायचे ते होऊन गेले." तसे नसते. नुसती चरबी धरलेले यकृत महिना-दीड महिन्यात बरेचसे पूर्ववत होते. चढलेला रक्तदाब काही आठवड्यांत उतरू लागतो. पायांची जळजळ आणि मुंग्या यायला जेवढी वर्षे लागली तितकी नाही, पण जायला कित्येक महिने लागतात. झोप उशिरा सुधारते, आणि ती सुधारली नाही म्हणून माणूस पुन्हा बाटलीकडे जातो. यकृत आक्रसून त्याला चट्टे पडले, म्हणजे सिऱ्हॉसिस झाला, तर ते चट्टे जात नाहीत. तरीसुद्धा दारू थांबवलेला रोगी न थांबवलेल्यापेक्षा जास्त जगतो. पोटात पाणी झालेले, रक्ताची उलटी होऊन गेलेले, पण मग थांबलेले आणि नातवाला शाळेत सोडायला जाणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. काविळीला मात्र माळ घालत किंवा पाण्यात हात धुऊन 'कावीळ उतरवत' बसू नये. दारूच्या काविळीत ते दिवस लाखमोलाचे असतात.

कर्करोगाबद्दल लोक तंबाखूला घाबरतात, दारूला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 सालीच मद्याला कर्करोगकारक ठरवले आहे. तोंड आणि घशाच्या बाबतीत तंबाखू व दारू एकत्र आल्या की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. आपल्याकडे तर दोन्ही एकाच खिशात असतात. 'थोडी चांगली असते' हा समजही आता टिकलेला नाही. कितीही थोडी घेतली तरी ती निर्धोक म्हणता येत नाही, असे याच संघटनेने 2023 साली स्पष्ट केले.

बायकांविषयी एक शब्द. भट्टीवर, पाड्यावर नवऱ्याबरोबर घेणाऱ्या बायका आहेत, आणि त्या दवाखान्यात हे कधीच सांगत नाहीत. तेवढ्याच दारूने स्त्रीचे यकृत पुरुषाच्या आधी बिघडते. गरोदरपणी घेतलेली दारू पोटातल्या मुलाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. आशाताईंनी हा प्रश्न न बोल लावता विचारावा.

श्रावणानंतर

पहिला आठवडा डॉक्टरचा, पुढची वर्षे मात्र इतरांची. 2019 साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाहणीवर आधारलेला केंद्र सरकारचा अहवाल आला. त्यात दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा 180 मागे एक. बाकीचे आपापल्या परीने झगडतात. श्रावणात जमलेले गणपती विसर्जनानंतर बिघडते, हे आपण दरवर्षी पाहतो.

एखादी माळ घालून वारकरी होतो आणि खरोखर सुटतो. माझ्या ओळखीत असे पाच-सहा आहेत. माळेच्या आधाराला मी कमी लेखत नाही, कारण त्यामागे दिंडीतली माणसे असतात, दर एकादशीची भेट असते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांतही हेच घडते. त्यांची सुरुवात 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावी झाली. शेअरबाजारातला बिल विल्सन आणि माझ्याच व्यवसायातला, डॉ. बॉब स्मिथ नावाचा सर्जन, हे दोघे दारूडे एकमेकांना सावरत उभे राहिले. डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 च्या सकाळी. शस्त्रक्रियेला जायचे होते आणि हात थरथरत होते, म्हणून बिलनेच त्याला बिअर दिली होती. त्या थरथरीला ते दोघे ओळखून होते. या मंडळींच्या सभा ठाणे-मुंबईच्या पट्ट्यात भरतात, पैसे लागत नाहीत, नाव-गाव विचारले जात नाही. घरच्यांसाठी अल्-अनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात.

पुण्याचे मुक्तांगण बहुतेकांनी ऐकलेले असते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी ते येरवड्याला सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. अनिताताई 1997 साली गेल्या, अनिल अवचट 2022 साली. काम चालू आहे. तिथे पाचेक आठवडे राहावे लागते, आणि बरे झालेली माणसेच नव्यांना सांभाळतात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. जवळपासच्या इतर कोणत्याही केंद्रात नेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: डॉक्टर रोज येतो का, आकडी आली तर काय करता, आणि आम्हाला भेटू देणार का. उत्तर टाळले तर परत फिरावे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 सालापासून आहे. तिथे जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सरकारची व्यसनमुक्तीसाठीची 14446 ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे.

आपल्या भागात सुटलेला माणूस पुन्हा पडतो त्या जागा ठरलेल्या आहेत: हळदीची रात्र, म्हशाची जत्रा, भट्टीवरून हाती आलेली उचल, निवडणूक. हळदीला तर न घेणाऱ्यालाच घेणाऱ्यापेक्षा जास्त आग्रह होतो. सोडलेल्याने पहिले वर्षभर हळदीला दुपारी जाऊन अक्षता-आहेराचे काय ते उरकून अंधार पडायच्या आत घर गाठावे. यजमान रागावला तर डॉक्टरचे नाव सांगावे, मी वाईटपणा घेईन. आणि पडलाच एखादा, तर त्याला 'तू असाच' म्हणू नये. आकडी, भ्रम यांचा धोका प्रत्येक वेळी सोडताना पुन्हा असतो, आणि पूर्वी झाला असेल तर जास्तच. म्हणून दुसऱ्यांदा सोडतानाही पहिल्यासारखेच आधी दवाखान्यात यावे.

येताना एका कागदावर लिहून आणा: रोज किती, किती वर्षे, सकाळी लागते का, पूर्वी आकडी आली होती का, शेवटचे पोटभर जेवण कधी झाले, इतर कोणती औषधे चालू आहेत. आणि सर्वांत वर शेवटचा घोट कोणत्या दिवशी, किती वाजता घेतला ते लिहा. मी पहिला प्रश्न तोच विचारतो.